चौथ्या बाकावरचा दीड तास

अनंता,

"चालता चालता गेला, सोन्यासारखं मरण आलं." तेरा दिवस हेच ऐकतोय. लोक तुझ्या दारात चपला काढता काढताच हे म्हणायचे आणि आत जाऊन वहिनींना पुन्हा तेच ऐकवायचे. अंथरुणाला खिळला नाय, कोणाला त्रास दिला नाय, नदीकाठच्या मोकळ्या हवेत, चालता चालता. एकाने तर माझ्या खांद्यावर हात ठेवून "आपल्यालाही असंच यावं" म्हटलं. मी त्याचा हात झटकला. तो बिचारा गांगरला. गांगरू दे. तू चालता चालता गेला नाहीस. तू बसून गेलास. चौथ्या बाकावर, साडेसहापासून आठपर्यंत, चांगला दीड तास बसून. आणि हे अख्ख्या रोह्यात मला आणि झाडूवाल्या सुमनबाईला, दोघांनाच माहीत आहे, असं मी कालपर्यंत समजत होतो.

कंपनीतल्या जुन्या लोकांनी तुझ्यासाठी सभा घेतली. फोटो, हार, उदबत्ती, दोन मिनिटं शांतता. मग कोणीतरी म्हणालं, आता शंकरराव बोलतील, सव्वीस वर्षं त्यांनी जोडीने काम केलंय. मी उभा राहिलो. तोंड उघडलं असतं तर त्या उदबत्तीसमोर तुला असल्या शिव्या हासडल्या असत्या की बायाबापड्या उठून गेल्या असत्या. म्हणून हात जोडले आणि खाली बसलो. सगळ्यांना वाटलं, गहिवर आला. कसला गहिवर! निव्वळ राग होता. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आपल्या कामात एकच कायदा होता. धाटावला केमिकल प्लांटवर लागलो त्या पहिल्या आठवड्यातच तो आपल्या डोक्यात ठोकून बसवला होता. रिलीव्हर येऊन समोर उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. तुझी शिफ्ट संपू दे, बस सुटू दे, घरी पोरीचं बारसं असू दे. पुढच्या शिफ्टचा माणूस आला, त्याला चार्ज दिला, कुठला वाल्व्ह उघडा आहे, कुठलं तापमान चढतंय ते त्याच्या कानावर घातलं, की मग तू सुटलास. तुझ्यामागून मी. सव्वीस वर्षं तू फर्स्टला तर मी सेकंडला, तू सेकंडला तर मी नाईटला. माझ्या बायकोपेक्षा जास्त वेळा मी तुझं तोंड पाहिलं असेल, आणि तेही कायम घरी जायच्या घाईतलं.

घाईतलं तरी कसलं म्हणा. बाकीचे लोक पॅनेलपाशी उभ्या उभ्या दोन वाक्यं बोलून पळायचे. तू मात्र मला हाताला धरून अख्खा मजला फिरवायचास. "हा पंप आज कुरकुरतोय. त्या शिडीची तिसरी पायरी हलतेय, जपून. कँटीनच्या आमटीला हात लावू नको." मी वैतागायचो. तुला म्हणायचो, अरे, मला काय पहिल्यांदा दाखवतोयस काय? तू म्हणायचास, "सांगितलेलं बरं. मग माझ्या जीवाला घोर नाय."

आणि तो पुराचा दिवस. कुंडलिका चढली, रोह्यावरून अष्टमीला येणारा पूल पाण्याखाली गेला आणि मी अष्टमीत घरीच अडकलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरलं तेव्हा कसाबसा पोचलो. तोवर तू सलग तीन शिफ्ट उभा होतास. डोळे सुजलेले, पाय बुटात मावत नव्हते. दुसरा कोणी असता तर माझ्या सात पिढ्यांची उजळणी केली असती. तू म्हणालास, "तीन नंबरचा वाल्व्ह घट्ट झालाय, सावकाश फिरव. घरात पाणी शिरलं काय रे?" बास. त्यानंतर या गोष्टीचा एका शब्दाने उल्लेख नाही. तेव्हा मला तुझ्या पाया पडावंसं वाटलं होतं. आज वाटतं, तेव्हाच तुझ्या दोन मुस्काटात ठेवून द्यायला हव्या होत्या. माणूस इतका थांबू शकतो हे तुला तेव्हा कळलं आणि तू ते कायमचं डोक्यात घेतलंस.

दुसरा कायदा आपण दोघांनी केला. आपल्यातलाच एकजण शिफ्टला येत होता, उशीर झाला म्हणून प्लांटवरून कोणीतरी त्याला फोन लावला, आणि चालत्या मोटरसायकलवर खिशातून फोन काढताना तो ट्रकखाली गेला. त्याच्या तेराव्याहून परत येताना तू मला म्हणालास, "शंकऱ्या, तुला कितीही उशीर होऊ दे, मी फोन करणार नाय. तू वाटेवर हायस असं समजेन नि थांबेन." मी पण तेच कबूल केलं. शहाणपणाचंच होतं ते. पण अरे बाबा, ते प्लांटसाठी होतं!

मग निवृत्त झालो, आणि नदीकाठी तो रस्ता झाला. रंगीत पेव्हर, स्टीलचं रेलिंग, दिवे, बसायला बाक, "फुले तोडू नये" च्या पाट्या. पहिल्या दिवशी तू तिथे कमरेवर हात ठेवून उभा राहिलास आणि म्हणालास, "हा काय रस्ता? ना चढ ना उतार. याच्यावर आंधळा माणूस पण चालेल. पूर्वी इथे चिखलात गुडघाभर जायचो तेव्हा निदान नदीला आलोय असं वाटायचं." तासभर नावं ठेवलीस, आणि दुसऱ्या दिवशी सहा वाजता माझ्या आधी हजर. तेव्हापासून सहा वर्षं एक दिवस चुकला नाहीस.

तू सहाला यायचास, मी साडेसहाला पूल ओलांडून. चौथ्या बाकापाशी तू उभा असायचास, तोंड पुलाकडे. मी दिसलो की लगेच चार्ज सुरू. "पाणी पुलाच्या खांबाच्या दुसऱ्या पट्ट्याला. बगळे दोन. डॉक्टरीणबाईंनी नवीन बूट घेतलेत. सुमनबाईची सून बाळंत झाली, मुलगी." मग विचारायचास, "कंपन्यांचा वास कसा हाय आज?" कारण तुझं नाक नोकरीतच गेलं होतं. फोडणी जळली तरी तुला कळायची नाही. मी सांगायचो, आज बरा आहे, किंवा आज उग्र आहे. तू मान हलवायचास आणि आपण चालायला लागायचो. तीन फेऱ्या. फेरीगणिक एक भांडण. तुला माझं राजकारण पटायचं नाही, मला तुझा देव पटायचा नाही. पण एक भांडण कधीच संपलं नाही. ते त्या गळतीचं.

प्लांटवर एकदा वायूची गळती झाली होती. आपण दोघं आत होतो, नशिबाने वाचलो. बाहेर आल्यावर तू म्हणालास, घरी काय सांगायचं नाय. शिफ्टमधलं शिफ्टमध्ये. बायका उगाच जीव टांगून बसतील. मी गप्प राहिलो आणि वर्षानुवर्षं मला ते सलत राहिलं. चालताना मी म्हणायचो, अन्ता, सांगायला हवं होतं. ज्यांच्यासाठी मरायला जात होतो त्यांना निदान ठाऊक तरी असू दे. तू म्हणायचास, "सांगून काय झालं असतं? दोन घरांत झोप उडाली असती. त्यापेक्षा एकट्याची उडालेली बरी." असं बोललास की मला तुझा इतका राग यायचा, आणि मग तू शेंगदाण्याची पुडी पुढे करायचास. राग गिळून मी शेंगदाणे खायचो. चूक झाली. तेव्हाच भांडण तडीला न्यायला हवं होतं.

पौषात आपण पोपटी केली. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वर भांबुर्ड्याचा पाला, आणि मडकं जाळात. तू पोटभर खाल्लंस. दोन दिवसांनी दुसऱ्या फेरीत तू रेलिंग धरून उभा राहिलास. चेहरा पांढरा. डाव्या हाताची मूठ उघडत होतास, मिटत होतास. मी विचारलं, काय होतंय? "पित्त. पोपटी बाधली." पोपटी बाधली तर हात कशाला दुखतो रे, दीडशहाण्या? पुढल्या दिवशी पुन्हा तेच. मी म्हटलं, चल, रिक्षा करतो, दहा मिनिटांत डॉक्टरकडे. तू म्हणालास, "फेरी पुरी करू." वहिनी तेव्हा इथे नव्हत्या. माघी गणपती जवळ आलेले, म्हणून त्या पेणकडे, हमरापूरला भावाच्या कारखान्यात गेलेल्या. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी त्यांच्याइतकी कोणाला जमत नाही, दरवर्षीच जातात. घरी तू एकटा. म्हणून मी वहिनींना फोन केला आणि काय दिसलं ते सांगून टाकलं.

त्यांनी तुला झापलं असणार. दुसऱ्या दिवशी तू बाकापाशी उभा होतास, पण चार्ज नाही की काही नाही. तोंड लाल. "तू घरी कळवलंस?" मी म्हटलं, हो. "शिफ्टमधलं घरी न्यायचं नाय हे ठरलं होतं ना?" मी म्हटलं, कसली शिफ्ट? सहा वर्षं झाली नोकरी सोडून! तू म्हणालास, "तिला मी सांगितलं, डॉक्टरला दाखवलं नि पित्त निघालं. आता परत फोन करून मला खोटं पाडू नको." म्हणजे खोटं बोलून वर मलाच दम. माझं डोकंच फिरलं. तिथे चार लोक चालत होते, त्यांच्यादेखत मी ओरडलो, "तुला मरायचंच असेल तर मर तिकडं एकटा. उद्यापासून मी येत नाय." आणि पुलाकडे वळलो. पाठीमागून तू म्हणालास, "येशील." किती शांतपणे म्हणालास! त्या एका शब्दाने माझ्या अंगाची जी आग झाली, ती मला पुढचे तीन दिवस पुरली.

मी आलो नाही. पहिले दोन दिवस तू अर्धा तास थांबलास आणि एकटाच तीन फेऱ्या मारून घरी गेलास, हे मला नंतर सुमनबाईने सांगितलं. तिसऱ्या दिवशी तू चाललाच नाहीस. सुमनबाई झाडत झाडत तुझ्यापाशी आली तेव्हा सात वाजून गेले होते. तिला तुझा रंग बरा दिसला नाही. ती म्हणाली, "काका, घरी जा. रिक्षा बोलवू काय?" तू काय म्हणालास तिला? तिने मला जसंच्या तसं सांगितलंय. "नको गो. तो येईल नि मी दिसलो नाय तर फुकट शोधत बसेल."

फुकट शोधत बसेल! अरे, शोधलं असतं! रोहा काय मुंबई आहे? दहा मिनिटांत तुझ्या घरी आलो असतो, कुलूप बघून डॉक्टरकडे आलो असतो, अर्धं गाव मला सांगायला होतं तू कुठे आहेस ते. त्या बाकाखाली काय रिअ‍ॅक्टर तापत होता? तू उठला असतास तर काय फुटणार होतं? काय राखत बसला होतास तू तिथे? दोन बगळे?

आता जे मी कोणालाच सांगितलं नव्हतं ते. त्या सकाळी मी आलो होतो.

पुलावर नाही. अष्टमीच्या काठाला. बूट घालून ओटीवर बसलो होतो, बायको म्हणाली, जा ना, उगाच काय धुमसताय. मी उठलो आणि नदीपर्यंत आलो. समोरच्या काठाला तू दिसलास. चौथा बाक, ती तपकिरी माकडटोपी, जरा पुढे वाकलेला. मला वाटलं, रुसून बसलाय. थोडा वेळ मी तिथे विजेच्या खांबाच्या आडोशाला उभा राहिलो. लहान पोरासारखा लपून. मग तू हात कानाशी नेलास. मी घाईघाईने खिशातला माझा फोन काढला. वाजला असता तर मी उचलला असता, देवाशपथ उचलला असता. वाजला नाही. म्हणजे साहेब दुसऱ्याच कोणाशी गप्पा मारतायत, म्हणजे ठणठणीत आहेत. माझ्या मनात काय आलं सांगू? बस तसाच. बघ वाट. आणि मी घरी जाऊन चहा प्यालो.

आठ वाजता सुमनबाईने तुला हाक मारली. पावणेनऊला आमच्या दारात माणूस आला.

तू मला फोन केला नाहीस, कारण मी वाटेवर असेन. रिक्षा केली नाहीस, कारण मी येऊन शोधेन. माझ्यावर इतका भरवसा ठेवायचा तुला काय अधिकार होता? मी तोंडावर सांगितलं होतं येत नाही म्हणून. माणसाचं बोलणं कधीतरी खरं धरावं. तुझ्या त्या "येशील"ने मला जन्माचं गुन्हेगार करून ठेवलं, आणि लोक म्हणतात काय, तर कोणाला त्रास दिला नाय!

वहिनी तेरा दिवस एकच प्रश्न विचारत होत्या. येईल त्याला. "नेहमी साडेसातला घरी येतात. त्या दिवशी एवढा वेळ तिथे काय करत बसले होते?" लोक म्हणायचे, वहिनी, आता त्याचा विचार करू नका. मी भिंतीशी बसलेला असायचो. प्रत्येक वेळी त्या प्रश्नानंतर त्यांची नजर माझ्यावरून जायची आणि मी चटईची काडी उपटत राहायचो. तू जन्मभर शिकवलंस तेच करत होतो, शिफ्टमधलं घरी न्यायचं नाय. आणि त्यावरूनच तर आपण भांडलो होतो! तेराव्याला पंगत उठली तेव्हा मी ठरवलं, आता बास. मेलेल्या माणसाचा हुकूम किती पाळायचा?

काल दुपारी गेलो. तुझी मुलगी पनवेलला परत गेली होती. वहिनी मागच्या पडवीत भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. इतक्या दिवसांनी घरात पहिल्यांदा काहीतरी खावंसं वाटून केलेलं. मी समोर पाटावर बसलो आणि मीही सोलायला लागलो. दोन मुठी सोलून झाल्या. मग म्हटलं, "वहिनी, तो माझी वाट बघत बसला होता."

त्या सोलत राहिल्या. मग मी थांबलोच नाही. भांडण सांगितलं. मर तिकडं म्हणालो ते सांगितलं, त्याच शब्दांत. विजेचा खांब सांगितला, चहा सांगितला. सुमनबाई काय म्हणाली ते सांगितलं. सांगून झालं तेव्हा माझ्या मुठीतल्या वालाचा चुरा झाला होता. मला वाटलं, आता त्या उठतील आणि मला दार दाखवतील. दाखवावं असंच मला वाटत होतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक हाय."

मी म्हटलं, सुमनबाई बोलली?

"सुमनबाई कशाला? त्यांचा मला फोन आला होता. साडेसातला."

मला कानाशी नेलेला तो हात दिसला.

"मी आखणीला बसले होते. तुम्हाला म्हायती हाय, डोळे चालू असले की आमच्या कारखान्यात कोणी बोलत नाय. रेडिओ बंद. श्वास पण धरून ठेवायचा, नायतर रेघ हलते. एक डोळा झाला होता. दुसरा लावायचा तेवढ्यात फोन. भावाने उचलून माझ्या कानाला लावला. मी म्हटलं, काय हो? तर म्हणतात, काय नाय, सहज केला. शंकर अजून आला नाय, आला की जातो घरी. मी म्हटलं, मग ठेवा, डोळे चाललेत."

त्यांनी एक वाल सोलला. साल बाजूला टाकलं.

"भावजी, त्यांनी कधी मला सकाळचा सहज फोन केलाय? एवढ्या वर्षांत एकदा तरी? मला कळायला नको? डॉक्टरकडे जाऊन आलो म्हणाले होते, नि मी ते खरं धरलं. फोन ठेवून मी दुसरा डोळा काढला. इतका सुरेख आला, भाऊ म्हणाला, ताय, असा डोळा तुझ्या हातून कधी उतरला नव्हता. मी खूष झाले. खूष झाले हो मी!"

मी म्हटलं, "मग वहिनी, तुम्ही रोज सगळ्यांना विचारत का होतात?"

"कोणीतरी उलट मला विचारेल म्हणून. की बये, तुला काय बोलले होते का ते? फोनबिन आला होता काय? तेरा दिवस वाट बघितली. एकाने नाय विचारलं. सगळे आपले म्हणतात, सोन्यासारखं मरण."

मग त्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू. हाताला वालाची सालं चिकटलेली तशाच माजघरात गेल्या, तुझ्या फोटोसमोर. मी मागोमाग गेलो, म्हटलं आता रडतील, धरायला कोणीतरी हवं. त्या रडल्या नाहीत. अनंता, लग्नातल्या उखाण्यानंतर त्या बाईने तुझं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. आमच्यासमोर "हे", नाहीतर "ते". दवाखान्यात नाव विचारलं तरी मुलीकडे बघायच्या. त्या तुझ्या फोटोला म्हणाल्या, आणि आवाज असा की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला,

"अनंता, मूर्ख हायस तू! ऐकतोयस? मूर्ख! दोन माणसं होती तुला जगात. एक नदीपलीकडे, एक फोनवर. दोघांतल्या एकाला तरी सांगायचंस, दुखतंय म्हणून. एवढा एक शब्द. मेल्या, एवढा एक शब्द बोलायला तुझं काय जात होतं?"

मला त्यांना आवरायला हवं होतं. शेजारी दारात येऊन उभे राहिले होते. मी आवरलं नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "आणखी बोला, वहिनी." त्या बोलल्या. मग मी बोललो. सभेत गिळलेलं सगळं बोललो, एकही शिवी शिल्लक ठेवली नाही. आणि खरं सांगू? तू गेल्यापासून पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं. तुझ्यावर ओरडणारा मी एकटा उरलो नव्हतो.